तीन सेकंद

यॉर्कटनमध्ये उणे चौतीस. रात्रीचे पावणेदोन.
"क्लेटन, भट्टी थंड वारा ओकतेय,"
ओरिसिया वासिलिक म्हणाली, आणि फोन ठेवला.
मी एक बूट घालतोय तोवर पुन्हा घंटी,
त्याच घरातून, डोरीन:
"भट्टी थंड वारा ओकतेय."
"कळलंय मला."
"कुणी सांगितलं?"
मी दुसरा बूट शोधत राहिलो.

थोरली वर, धाकटी खाली, मधे बारा पायऱ्या,
आणि एकोणीस वर्षं झाली, पायऱ्यांवर कुणी नाही.
कुणी म्हणतं गव्हाच्या शेताच्या वाटणीवरून बिनसलं,
कुणी म्हणतं ईस्टरच्या पावाच्या साच्यावरून.
भट्टी मात्र एकच. गॅसचं बिलही
अजून बापाच्याच नावानं येतं.

थर्मोस्टॅट वर. त्यावर चिकटपट्टी,
चिकटपट्टीवर पेन्सिलीनं: हात लावू नये.
मी लावला. पंखा 'ऑटो'वरच होता.
निम्मे फोन तिथंच मिटतात.
कुणीतरी 'ऑन' करून विसरतं
आणि पंखा आपला वारा घालत बसतो, आच असो नसो.
इथं तसं नव्हतं.
फिल्टर ओढला: मांजराच्या केसांची आयती गोधडी.
बदलला. थंडच.
बाहेर जाऊन भिंतीतून निघालेल्या नळ्यांतलं दंव
स्क्रूड्रायव्हरनं फोडलं, पापण्या एकमेकींना चिकटल्या.
थंडच.

मग तळघर. गुडघे टेकून, झाकण काढून
मी ते बघत बसलो
जे सव्वीस वर्षं बघतोय आणि कंटाळलेलो नाही:
आतला छोटा पंखा घुरघुरला,
इग्नायटर आधी लाल, मग संत्र्यासारखा,
व्हॉल्व्ह टक्क झाला,
आणि निळी ज्योत एका बर्नरवरून दुसऱ्यावर
शेजारणीला हाक मारावी तशी धावली.
एक.
दोन.
तीन.
विझली.

पुन्हा तेच. पुन्हा तीन.
तिसऱ्या खेपेनंतर भट्टीनं नाद सोडला,
नुसता वारा ढकलत राहिली दोन्ही मजल्यांवर,
अगदी समसमान.

"पेटत नाही का?" दारातून डोरीन, अंगावर दोन कोट.
"पेटते. टिकत नाही."

ज्योतीत एक सळई असते, करंगळीएवढी.
तिचं काम एकच, आग आहे असं सांगणं.
तिच्यावर बारीक पांढरं पुट चढलं
की ती आगीत उभी राहून म्हणते,
मला तर काही जाणवत नाही.
आणि भट्टी तिच्या शब्दाबाहेर नाही; गॅस तोडते.
बरोबरच आहे तिचं. न जळलेला गॅस
घरात कोंडण्यापेक्षा कुडकुडणं परवडलं.
हे मी दोघींना सांगितलं.
भट्टीबद्दलच सांगितलं.

एक स्क्रू. सळई बाहेर.
स्टीलच्या घासणीनं चार हात, हलके,
भांडं घासल्यासारखे नव्हे, चष्मा पुसल्यासारखे.
परत बसवली. मीटर लावला:
एका अॅम्पिअरच्या दहा लाख वाट्यांतले तीन वाटे.
एवढ्याशा साक्षीवर सगळं घर.
एक. दोन. तीन.
चार.
पाचाला मी मोजणं सोडलं.

"खाली ऊब पोचतेय का, विचार तिला," वरून ओरिसिया.
मी तोंड उघडायच्या आत डोरीन म्हणाली,
"सांग तिला, पोचतेय."
मी काहीच बोललो नाही.
पत्र्याच्या त्या पाइपातून गरम वाऱ्यासोबत
दोघींचं दोघींना ऐकू जातं,
खोकलासुद्धा, कितीतरी वर्षं.

कॉफी दोनदा प्यावी लागली, वर एक, खाली एक.
पैसे निम्मे निम्मे, दोन चेक,
दोन्हींवरचं आडनाव एकाच वळणाचं.
निघताना म्हटलं, सळई दरवर्षी पुसावी लागेल.
"आणि ते लक्षात कोण ठेवणार?"
दोघी एकदम म्हणाल्या.

ट्रकमध्ये हातमोजा दातांनी ओढून
मी वहीत लिहिलं:
वासिलिक. ऑक्टोबर.