चौदावा टेक

जगाचा अंत आमच्या गावात झाला
तेव्हा मार्च होता,
दिवसाचे वीस युरो मिळत होते,
सूप वेगळं.

एस्टोनियाच्या ईशान्येला, जिथं खाणी मिटल्या
आणि राखेचे डोंगर तेवढे उरले,
तिथं दिग्दर्शकाला काही उभारावं लागलं नाही.
आमच्या घरांकडे बघून म्हणाला, अगदी असंच राहू द्या.
हेल्यूला लागलं ते.
आदल्याच दिवशी तिनं खिडक्या पुसल्या होत्या.

पाव मी भाजायचे, राय धान्याचे, काळे,
रोज साठ.
प्रसंग एवढाच:
उपाशी गर्दी, हातगाडा, एक पाव खाली पडतो
आणि माणसं माणसं राहत नाहीत.
कागदावर असं लिहिलं होतं.

पहिल्या टेकला एंडेलनं पाव उचलला,
माती झटकली, आणि पावाचा मुका घेतला.
कट.
दुसऱ्या टेकला वैकेनं तेच केलं.
पडलेल्या पावाचा आधी मुका घ्यायचा
हे आम्हाला कुणी शिकवलं ते आठवतही नाही,
हात आपसूक ओठांकडे जातो.
विसरा! तो कर्ण्यातून ओरडायचा, सगळं विसरा!
आम्ही माना डोलवायचो.
पुन्हा कुणीतरी मुका घ्यायचं.

तेरा वेळा.
मग त्यानं सूपचं पातेलं झाकायला लावलं.
शॉट मिळेपर्यंत कुणाला काही नाही.
सकाळी सातपासून आम्ही बर्फात उभे होतो, उजेड उतरत होता,
आणि झाकणाच्या फटीतून वाफ येतच होती.

चौदाव्या टेकला उर्मास धावला.
ग्रंथालयातला उर्मास, जो उशिरा आलेल्या पुस्तकाचा
दंड मागताना स्वतःच लाजायचा.
त्याचं कोपर तानेलच्या नाकावर बसलं.
तानेल आठ वर्षांचा. रक्त खरं होतं.
कुणी कट म्हणालं नाही बराच वेळ.
मग दिग्दर्शक हळूच म्हणाला: सुंदर.
उर्मास ट्रकमागे सापडला,
पाव संपवून
रिकाम्या तळव्याचा मुका घेत.

आठ वर्षांनी सिनेमा आमच्या सभागृहात लागला.
आधी हशाच पिकला. माझा कोट बघ!
अरे, ते आपलं कुत्रं!
हेल्यूचा गेलेला नवरा तीन सेकंद ढकलगाडी नेताना दिसला,
तेव्हा चित्र थांबवून ठेवलं,
तिचं बघून होईपर्यंत.
मग तो प्रसंग आला
आणि खुर्च्यासुद्धा करकरायच्या थांबल्या.
उर्मास तिसऱ्या रांगेत, मान खाली.
तानेल, आता सोळाचा, मोठ्यानं म्हणाला,
तेव्हा माझं नाक सरळ होतं!
लोक हसले, जरा उशिराच.

या सिनेमाला कुठलंसं बक्षीस मिळालं.
कात्रण फळ्यावर लावलंय:
भूक माणसाला कशी सोलून काढते, वगैरे.
शेवटचा परिच्छेद माझ्यावर आहे.
‘त्या झटापटीत चौकटीच्या डाव्या कडेला
एक बाई पोटाशी हात धरून निश्चल उभी आहे.
विनाशातही शाबूत राहिलेली
करुणेची मूर्ती.’

मी रोज एकसष्ट भाजायचे.
त्या दिवशीचा एकसष्टावा ॲप्रनखाली होता, अजून कोमट.
मुलगा चार हातांवर रक्त पुसत होता,
आणि मी हलले नाही,
कारण हलले असते
तर पाव खाली पडला असता.