हातचा

जुलैत इथे रिओ ग्रान्देला पाच वाजताच अंधारून येतं.
बाबा दिवा लावत नाहीत. माझ्या संगणकाच्या निळ्या उजेडात
माते चहाची किटली चाचपतात, विचारतात,
"जमला का ताळा?"

नाही जमला.
पश्चिमेचा वारा आंदीजला ठेचकाळतो,
हवेला घड्या पडतात, घड्या चढत जातात वर,
खूण म्हणून भिंगासारखे ढग मागे ठेवून.
चाळीस-पन्नास किलोमीटरवर कुठेतरी फुटतात
आणि तिथल्या वाऱ्याला मागे ओढतात.
इथपर्यंत कुणाचं भांडण नाही.

पण माझ्या प्रारूपातल्या लाटा नाकासमोर चालणाऱ्या.
ज्या रकान्यात जन्मल्या त्याच रकान्यात वर,
विहिरीतल्या पोहऱ्यासारख्या.
शेजारच्या रकान्याशी अबोला.
म्हणून साठ अंश दक्षिणेला, जिथे डोंगर नाही,
नुसता समुद्र आणि अबदोनकाकाची बोट,
तिथला वरचा वारा सुसाट, कुणी धरत नाही त्याला.
डिसेंबर उजाडतो
तरी माझा हिवाळा हटत नाही.

बाबांनी एकतीस वर्षं लोकरीचा हिशेब लिहिला
सान इल्देफोन्सोच्या मेंढवाड्यावर:
गासड्या, वजन, भिजलेली वजा.
ते वाकून पडदा बघतात. रकानेच रकाने.
"आणि हातचा? तो कुठे गेला?"

मी हसले.
मग किटलीतलं पाणी उकळून आटेपर्यंत
तशीच बसून राहिले.

आई गेली घाटापलीकडे, उशुआइयाच्या इस्पितळात.
बाबांनी कागदांवर सह्या केल्या, तिच्या स्वेटरची घडी घातली,
दोनशे किलोमीटर गाडी चालवत घरी आणली,
डोळे ठणठणीत कोरडे.
अकरा महिन्यांनी, कोपऱ्यावरच्या दुकानात,
अंड्यांच्या फळीसमोर
त्यांना रडू फुटलं.
दुकानवाली एउलोखिया धावत आली.
तिला वाटलं, भाव वाढलाय म्हणून.

रात्री मी लाटेला रकान्याची भिंत ओलांडू दिली.
ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्याकडे
जरा कलू दिलं, वाकू दिलं,
जिथे जायचंय तिथे आडवं जाऊ दिलं.
यंत्राला सहापट वेळ लागतो आता,
म्हाताऱ्या कुत्र्यासारखं धापा टाकतं टेबलाखाली.

पहाटे नकाशावर, भर समुद्रात,
एक फिकट डाग उमटला.
वारा तिथे थोडा मंदावला होता.
पुरेसा नाही. थोडा.

अबदोनकाकाच्या डोक्यावर पन्नास किलोमीटर
आमचा डोंगर फुटत असेल या क्षणी.
त्याला काय त्याचं! तो जाळं ओढत असेल,
थंडीला शिव्या घालत.

बाबा उठले. "जमला?"
म्हटलं, "अजून चुकतोय."
त्यांनी मान हलवली, अंडी फोडायला घेतली,
दोन माझी, दोन त्यांची,
आणि सवयीने
पाचवं हातात घेऊन उभे राहिले.