पिवळा बोया

यास्ना ओयार्सो, दातांची नर्स,
महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी माझ्या होडीत बसते.
मांडीवर निळी पेटी, पायांत रबरी बूट.
चिलोएच्या आतल्या समुद्रात बेटं पुष्कळ,
दवाखाने मोजके.
ती बोलते, मी सुकाणू धरतो.

माझ्या लहानपणी वर्षातून एकदा जहाज यायचं.
धक्क्यावर रांग, एक खुर्ची, एक पकड,
शेजारी पत्र्याची बादली.
दुखतो तो काढा. दुखेलसा वाटतो तोही काढा,
पुढच्या वर्षापर्यंत कोण कळ काढणार?
आईने लग्नाआधीच सगळे काढून घेतले,
नवऱ्याला पुढे खर्च नको म्हणून.
फोटोत ती ओठ मिटून हसते.
आम्हाला वाटायचं, लाजते आहे.

दात जातात, हे आम्ही ओहोटीसारखं धरून चाललो होतो.
नाही, अबेलार्दो, यास्ना म्हणते,
ओहोटीला कुणी साखर घालत नाही.
हे तुमचं माते, कडू पाल्याचा काढा,
त्यात चमचे रिकामे करता
आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत
एकाच नळीने घोट घोट ओढत बसता.
साखर किती, ते नंतर बघू.
कितीदा, ते आधी सांग.
मी बोटं मोजायला घेतली
आणि सुकाणू सुटलं.

शाळेत पोरं अकरा.
पेस्ट मटाराएवढी. हिरडीच्या कडेकडेने, हलक्या हाताने.
शेवटची दाढ विसरायची नाही,
मागच्या बाकावरच्या अबोल मुलीसारखी असते ती,
तक्रार करते तेव्हा उशीर झालेला असतो.
थुंका, पण चूळ भरू नका,
औषध राहू दे दातांवर.
रात्री घासल्यावर पाणी सोडून काही नाही.
मधही नाही, एलिसेओ. मधही नाही.
सांगून सांगून तिच्या दातांच्या कण्या झाल्या.
माझ्याकडे कण्यांपुरता ऐवजही उरलेला नाही.

आणि दोन मिनिटं.
पण दोन मिनिटं म्हणजे किती?
शाळेचं घड्याळ दमट हवेने कधीच बंद पडलेलं.
माक्लोव्हिया, वय सात, पुढचे दोन पडलेले,
खिडकीबाहेर बोट करून म्हणाली,
अबेलार्दोची होडी दुपारी टपाल घेऊन सुटते ना,
तिथपासून पिवळ्या बोयापर्यंत.

यास्नाने मनगटावरच्या घड्याळात मोजून पाहिलं.
एक मिनिट पस्तीस सेकंद.
काही बोलली नाही,
नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हापासून रोज, पोरांची जेवणं झाली की,
मी दोर सोडतो आणि इंजिन मंद ठेवतो.
वारा पाठीशी असला तर आणखी मंद.
उतारू कुरकुरतात:
म्हातारा झालास, पोहत गेलो असतो तर पोचलो असतो.
जा की, म्हणतो मी.
मागे वळून बघतो,
खिडकीत अकरा कोपरं हलत असतात.

जुलैत एकदा धुकं उतरलं.
बोया गेला, शाळा गेली, होडीचं नाकसुद्धा दिसेना.
थोडं पुढे आल्यावर आठवलं,
पोरं थांबणार कधी?
हिरड्या सोलून निघेपर्यंत घासत राहतील,
सांगितलं तेवढं ऐकणारी पोरं.
बोया हाताला लागला तसा भोंगा दिला.
एकच, लांब.
पलीकडून अकरा जणांनी थुंकल्याचा आवाज
मला काही आला नाही,
पण आला असं मी बायकोला सांगितलं.

माझी स्वतःची एक दाढ आहे. खाली, डावीकडे.
त्या पकडीतून कशी निसटली, देव जाणे.
यास्नाने आरसा घालून बघितली, म्हणाली,
एकुलती आहे, जपायला नको?
म्हणून रात्री कवळी घासून पेल्यात ठेवतो
आणि मग त्या एका दाढेला
पुरती दोन मिनिटं.
बायको हसते. हसू दे.
मी डोळे मिटतो, दोर सोडतो,
हळू,
बोयापर्यंत.