अधिवेशन नसताना

मे महिन्यात विधानभवन बघायला कुणी येत नाही.
सिव्हिल लाइन्सचं डांबर चपलेला धरून ठेवतं.
पाससाठी दोन अर्ज, एक फोटो,
फाटकावर पाण्याची बाटली काढून घेतली.

आत शिरलो, तर दगडाचा गारवा
रांजणाला पाठ टेकल्यासारखा.

पराते म्हणून एक होते, पॉलिशवाले.
"वर पाहा न जी, सगळे समोरच पाहतात."
वर कमानीच्या काठाकाठानं संत्र्याची पानं,
शीर न् शीर कोरलेली,
एकाही फांदीला फळ नाही.
"फळं राहिली. कारागीर गावाला गेला, तो आलाच नाही."
खरं का, ते मी विचारलं नाही.

सभागृहात बाकांवर पांढरी कापडं,
माइकांच्या माना खाली.
मी अध्यक्षांच्या आसनामागची सागवानी जाळी
बोटानं मोजत होतो, चुकत होतो,
पुन्हा पहिल्यापासून.

परात्यांनी मला शेवटच्या बाकाशी नेलं,
गुडघ्यांवर बसवलं, टॉर्च लावला.
फळीच्या खालच्या अंगाला पेन्सिल:
साडेतीन फूट, वजा खाच.
आणि शेजारीच, त्याच हातचं,
मीठ. गोडेतेल. सोनीची चप्पल.

"इथं फडकं नाही लावत मी," ते म्हणाले,
आणि टॉर्च विझवला.

फाटकावर बाटली परत मिळाली, पाणी चहाइतकं गरम.
झाडाखाली उभं राहून प्यायलो.
खाचेचं माप सुतापर्यंत होतं,
चपलेचं तेवढं लिहिलेलं नव्हतं.