दुसरं अक्षर

राजारामपुरी, पाचवी गल्ली,
शेट्यांचं साड्यांचं दुकान.
दाराच्या वर मी एक पांढरी डबी बसवली.
येणाऱ्याजाणाऱ्याच्या खिशातला मोबाइल
हवेत हाक मारत असतो, कुणी ओळखीचं आहे का,
ती हाक ऐकायची आणि मोजायची, एवढंच डबीचं काम.

बसवराज शेटे रोज रात्री शटर अर्धं ओढून विचारतात,
"कालची आज किती परत आली?"
डबी म्हणते, एकही नाही.
डबीच्या लेखी रोज सगळं कोल्हापूर नवीन.
समोरचा चप्पल शिवणारा सुद्धा
दिवसातून अकरा वेळा पहिल्यांदाच येतो.

"बोगस मशीन दिलंईस."
नाही मालक, मशीन बरोबर आहे,
मोबाइल शहाणे झालेत.
पूर्वी प्रत्येक जण कारखान्यात मिळालेला आकडा,
बारा अक्षरं, जन्मभर तीच,
रस्त्यानं ओरडत जायचा.
सकाळी स्टँडवर ऐकला, दुपारी दवाखान्याच्या पायरीवर,
संध्याकाळी कुणाच्या तरी दारात.
जोडत बसलं की माणसाचा अख्खा दिवस मुठीत.
आता तो थोड्या थोड्या वेळानं फासे टाकतो
आणि पडेल ते नाव सांगतो.

"मग खोटं ओळखायचं कसं?"
दुसरं अक्षर बघायचं.
दोन, सहा, ए नाहीतर ई असलं
तर समजायचं, हे कारखान्यातलं नव्हे,
इथंच ठेवलेलं नाव.
पण कुणाचं, ते नाही कळत.
सांगून घेतलेलं सोंग.
मला आवडतं ते.

पुण्यात कोर्सला होतो तेव्हा
घरी फोनवर "जेवलो, झोपतो आता" म्हणालो
की खोलीतल्या दोघी उशीत तोंड घालून हसायच्या.
आमच्याकडं पोरी असंच बोलतात, म्हटलं,
आणि पाठ केली.
आता गिऱ्हाईकाला "पोहोचलो" असा मेसेज टाकतो,
समोरून येतं, "या दादा."
मी दुरुस्त करत नाही.
दार उघडल्यावर बघतीलच की.

आईचं नाव लग्नात बदललं.
ताटात तांदूळ पसरून वडिलांनी अंगठीनं लिहिलं, शैलजा.
तिला कुणी विचारलं नव्हतं.
तांदूळ नंतर कुणी उचलले, शिजवले की काय केलं,
तिला आठवत नाही.
रेशनवर शैलजा, बँकेत शैलजा, गॅसच्या पुस्तकावर शैलजा,
आणि मनगटाच्या वर, बांगड्यांच्या आड,
आठव्या वर्षी जत्रेत गोंदलेली हिरवी दोन अक्षरं: हौसा.
गेल्या साली गंगावेशीत दूध घेताना
गर्दीतनं एक वाकलेला म्हातारा ओरडला, "हौसेऽ!"
अशी फिरली की किटलीतलं दूध तिच्या पायावर सांडलं.
एवढ्या झटक्यात ती शैलजाला कधी वळल्याचं
मी तरी बघितलं नाही.

काल तिचा मोबाइल घरच्या वायफायला लावून दिला.
सांगितलं, हा प्रत्येक दाराशी वेगळं नाव सांगतो,
एका दाराला मात्र एकच, रोज तेच.
"आपल्या घरात पण खोटंच?"
घरात पण.
"आणि खरं?"
आत असतं. पुसलेलं नाही,
फक्त सांगत नाही तो.
तिनं बांगड्या जरा वर सारल्या, परत खाली घेतल्या.
म्हणाली, "बरं करतंय,"
आणि भाजी बघायला गेली.

रात्री राउटरची यादी उघडून बसलो.
शेवटची ओळ तिची. दुसरं अक्षर ई.
पुढं नाव टाकायला एक रिकामा चौकोन होता.
"हौ" लिहिलं.
खोडलं.
उद्या शेट्यांची डबी उतरवायची आहे,
शिडी कुणाकडनं तरी आणायला पाहिजे.
चौकोन तसाच ठेवला.