हातून

तेवीस वर्षं मी या कोर्टात
दुसऱ्यांचं बोलणं टिपते आहे.
डुलुथ. बाहेर गोठलेलं सरोवर,
खिडकीखाली हीटर. त्याची टकटक तेवढी नोंदीत येत नाही.

सरकारी वकिलांनी विचारलं,
त्या रात्री पेट्रोल पंपावर काय झालं?
वेड केस्किनेन म्हणाला, माझ्या हातून झालं.
"हातून नाही. मी केलं, असं म्हणा."
त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं,
उसनी नेलेली अवजारं कुणी परत आणून ठेवावीत तसं.
मग म्हणाला, मी केलं.
दोन्ही वाक्यं मी टिपली.

खरं सांगायचं तर बोटं माझ्याआधी ऐकतात.
शब्द कानातून थेट मनगटात उतरतो,
अर्थ मागाहून येतो, धापा टाकत.
एकदा एका साक्षीत माझ्याच नवऱ्याचं नाव आलं.
मला कळलं ते जेवणाच्या सुट्टीत.
तोवर टाइप होऊन गेलं होतं, बिनचूक.

डॉ. आल्व्हारेन्गांनी पडद्यावर मेंदू दाखवला.
गाठ नाही. व्रण नाही.
गाठ असती तर सगळ्यांचीच सुटका होती.
फक्त नळाच्या पाण्यातलं शिसं, वय वर्षं दोन ते नऊ.
बापाचा पट्टा.
आणि त्या आधीच्या अकरा रात्री झोप नाही.

सरकारी वकिलांकडे एकच प्रश्न उरला होता:
त्याच घरात, तेच पाणी पिऊन
याचा भाऊ वाढला ना?
वाढला.
काय करतो तो?
पाव भाजतो. बंदरापाशी बेकरी आहे.

कर्टिस केस्किनेन. नवा कोट, नखांत पीठ.
मग तुम्ही का नाही मारलंत कुणाला?
आक्षेप, कुणीतरी म्हणालं, पण तो बोलू लागला होता.
"मला माहीत नाही.
सोळाव्या वर्षी माझ्याही हातात हातोडी होती.
बाप झोपला होता.
तेवढ्यात शेजारच्या म्हातारीनं दार वाजवलं,
यीस्ट आहे का विचारायला.
लोक म्हणतात, मी चांगला निघालो.
दार वाजलं, एवढंच मला ठाऊक आहे."

न्यायाधीशबाई चष्मा पुसत राहिल्या. बराच वेळ.
शांततेला आमच्या यंत्रात कळ नाही.

शिक्षेच्या दिवशी ऑडेल ब्रॉसार्ड उठल्या. रेमीच्या आई.
हातातला कागद त्यांनी वाचलाच नाही.
"याला सडवून माझा पोरगा परत येणार नाही,
हे मला समजावू नका. मला कळतं.
पण याला दुसरं काही करताच आलं नसतं,
असंही सांगू नका.
कारण मग मलाही येणार नाही.
मी याचा द्वेष करते तो रोज सकाळी ठरवून.
एखाद्या सकाळी कदाचित नाही ठरवणार.
तेवढं माझ्यापाशी राहू द्या."

पुढच्या वर्षी माझं काम नव्या यंत्राकडे जाईल.
सध्या ते शेजारी बसून शिकतं आहे,
बोलणाऱ्याच्या ओठांवर येण्याआधी शब्द सुचवतं,
दहांत नऊ वेळा बरोबर.
ऑडेलबाईंच्या शेवटच्या वाक्याआधी
त्यानं सुचवलं होतं: जन्मठेप द्या.
मी ते खोडलं.

निकाल एकोणीस वर्षांचा. दर दोन वर्षांनी
माणूस पुन्हा तपासायचा, असं न्यायाधीशबाईंनी
स्वतःच्या अक्षरात समासात लिहिलं.
वकिलांची त्यावर अजून भांडणं चालली आहेत.

घरी आले तर दुसऱ्या मजल्यावर तोच आवाज,
भिंतीआड एक बाप, एक मुलगा.
कितीतरी महिने मी तो ऐकत जिना चढते.
आज हात वर झाला
तेव्हा विचार खालच्या पायरीवरच होता.
दार उघडलं. माणूस घामेजलेला. काय हवंय?

घरात यीस्टची तीन पाकिटं होती माझ्या.
मी म्हटलं, थोडं यीस्ट मिळेल का?