दम

दर दुसऱ्या बुधवारी मी कुडाळहून येते,
पिशवीत माझा स्वतःचा लॅरिंगोस्कोप
आणि दोन जादा सेल.
इथलं थिएटर म्हणजे एक खोली, हिरव्या फरश्यांची,
खिडकीला मच्छरजाळी, पलीकडे बर्फाचा कारखाना,
त्यामागे मालवणची जेटी.

बाबल मेथर, वय एक्कावन्न, डावा हर्निया.
खडपात अडकलेली जाळी बुडी मारून सोडवतो.
टेबलावर आडवा होता होता त्याने विचारलं,
"डॉक्टरनूं, किती वेळ दम धरूचो?"
धरायचा नाही, म्हटलं, सोडायचा.
बाकीचं माझ्याकडे.

तसं बोलतो आपण. सवयीने.

टाके झाले. पट्टी झाली. सर्जन हात धुवायला वळले.
नळी काढली
आणि गळ्यातली ती दोन पांढरी दारं
थुंकीच्या एका थेंबाला समुद्र समजून
मिटली.

छाती आत ओढली जात होती, पोट वर येत होतं,
आणि आवाज नव्हता.
घरघर नाही, शीळसुद्धा नाही.
उशाशी भरलेला सिलिंडर,
आणि हवा उंबऱ्यावर उभी.

मॉनिटरचा सूर एकेक पायरी खाली उतरू लागला.
आकडा बघावा लागत नाही, कानाला कळतो:
अठ्ठ्याण्णव. एक्याण्णव.
एकोणऐंशी.
शेर्लेकर सिस्टर न सांगता सिरिंज भरत होत्या.
मी कानामागच्या खळग्यांत बोटं रुतवून
जबडा पुढे ओढत होते, मास्क दाबत,
पिशवी पिळत. पिशवी दगड.
बाबल, उघड. मी आहे. पाणी नाही.

औषध शिरेत गेलं.
किती वेळाने ते सांगता येणार नाही,
पिशवी हातात एकदम मऊ पडली
आणि सूर चढू लागला, थांबत थांबत,
घाटी चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

बाहेर बाकावर त्याची बायको, मांडीवर पेजेचा डबा.
"थोडा श्वासाचा त्रास झाला," म्हटलं, "आता बरे आहेत."
"थोडो म्हंजे कितको?"
मला खोटं सुचेना. दीड मिनिट, म्हटलं.
तिने मनातल्या मनात तेवढं मोजून पाहिलं.
"अडीज मिनटां ऱ्हवता तो खाली," म्हणाली.
"पण तेवा दोरी माझ्या हातात आसता."

पाण्याची बाटली मला उघडत नव्हती.
बोटं अजून जबड्याच्या आकारात.
तिनेच झाकण फिरवून दिलं.